नसलं तरी चालेल

माझे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दुकानदार आहेत. पण आपल्याच मालाची गिऱ्हाइकाच्या तोंडावर इतकी बदनामी करणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. आमच्या रस्त्यावर वाइन विकणारी दोन दुकानं आहेत. भावोजींचं त्यांच्या मधोमध, चार पावलं रुंद आणि बोळासारखं लांब. तिथे वाइनचा थेंब मिळत नाही. मिळतं ते वाइनच्या आजूबाजूचं सगळं: ओतताना ओघळ येऊ नये म्हणून बाटलीच्या तोंडाला बसवायच्या चोची, उरलेली वाइन टिकावी म्हणून आतली हवा ओढून घेणारे छोटे पंप, बाटलीच्या पोटाला घड्याळाच्या पट्ट्यासारखा बांधायचा तापमापक, पाहुण्यांचे ग्लास एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दांडीत अडकवायची रंगीत कडी, अरुंद गळ्याची सुरई आतून धुवायचे पोलादी मणी.

दाराशी एक हातभर लांबीची फळी आहे. तिच्यावर भावोजींनी स्वतःच्या हाताने रंगवलंय: ‘लागतंच’. त्या फळीवर फक्त बाटलीचं बूच काढायचे साधे कॉर्कस्क्रू. बाकीच्या तिन्ही भिंतींवर, जमिनीपासून छतापर्यंत, सगळ्या मालाला मिळून एकच पाटी: ‘नसलं तरी चालेल’.

“हा तापमापक घेऊ का?” एखादा विचारतो.

“बोट आहे ना तुम्हाला? बाटलीला बोट लावा. कळतं.”

“मग हे ठेवलंय कशाला?”

“गंमत म्हणून. नसलं तरी चालेल.”

आणि माणूस हसत हसत तो तापमापक घेऊनच जातो. मी ताईला कितीदा म्हटलं, हा भोळेपणा आहे की धंद्याची लबाडी, ते एकदाचं शोधून काढ. ती म्हणायची, “लबाडी करता आली असती तर आज आपलं दुकान कोपऱ्यावर असतं.”

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कॉर्कस्क्रू मागायला कुणी आलं, की कुठली वाइन, किती जुनी, असलं काही ते विचारायचे नाहीत. चष्मा नाकावर घ्यायचे आणि म्हणायचे, “हात दाखवा.” नवखा माणूस बावचळायचा, त्याला वाटायचं, आता हे आपलं भविष्य सांगणार. भावोजी तळवा दाबून बघायचे, अंगठ्याचं मूळ चाचपायचे, मनगट इकडून तिकडे फिरवायचे. मग एकेक प्रश्न. कोण उघडणार? उभ्याने की बसून? एका गवंड्याला त्यांनी जाड मुठीचा दिला. सांधे सुजलेल्या एका टंकलेखक बाईंना दोन दांड्यांचा, ज्याला जोर लागत नाही असा. “बाटल्या सगळ्या सारख्याच असतात,” ते म्हणायचे, “हातच वेगळे असतात.” मी शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं दाखले लिहिले, पण माझ्या दुखऱ्या बोटाकडे आधी यांचंच लक्ष गेलं. माणूस म्हणून मी त्यांना कितीही टोमणे मारले, तरी या बाबतीत मानायचे.

आता ताईबद्दल. आमचे बाबा मोठ्या हॉटेलात वेटर होते. आम्ही दोघीच मुली, त्यामुळे त्यांची विद्या आमच्याकडेच यायची. रिकाम्या बाटलीत पाणी भरून, बूच ठोकून, जेवणाच्या टेबलावर ते शिकवायचे. नियम तीन. बाटली जागची हलता कामा नये. बुचाने फटाका फोडता कामा नये, सुस्कारा चालेल. आणि बूच निघालं, की ओतायच्या आधी त्याच्याकडे बघायचं, कारण बाटलीत काय काय घडलंय ते बूच सांगतं. मी पहिल्याच दिवशी बुचाचा भुगा केला. बाबा म्हणाले, “तू आपली शाळेतच जा.” ताईला मात्र ते असं जमलं की पुढे ती त्याच हॉटेलच्या भोजनगृहात लागली. तिथेच पेटी घेऊन फिरणारे, काड्यापेटीसारखे सडपातळ भावोजी माल दाखवायला आले आणि तिचा हात बघायला मागितला. बाकीचं तुम्हीच समजून घ्या.

मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. माझे यजमान गेल्यापासून रविवारी दुपारचं जेवण खाली, तिघांचं. सूप, पाव, भाजलेल्या भाज्या, आणि एक बाटली. ती ताईच उघडायची, उभं राहून, डाव्या हाताने बाटलीचा गळा धरून. टेबलावर चिमणी बसली असती तरी उडाली नसती. मग बूच स्क्रूवरून फिरवून काढायचं, वास घ्यायचा, दोन्ही टोकं निरखायची, बशीत ठेवायचं. भावोजी दोन घोटांपलीकडे पीत नाहीत. तेवढ्यातच त्यांचे कान लाल होतात. तरी ते रविवारची वाट बघायचे, ती तिचा हात चालताना दिसावा म्हणून. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण मला डोळे आहेत.

ताई एकाच वस्तूपुढे हरलेली मला माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी भावोजींनी मागणीच्या कागदावर चुकीच्या चौकोनात खूण केली आणि डझनभर कॉर्कस्क्रू उलट्या पिळाचे आले. डावखुऱ्यांसाठी बनवलेले. लाकडी मूठ, खाली बाटलीच्या तोंडावर बसणारी पितळी टोपी. मूठ फिरवत राहिलं की स्क्रू आत जातो, आणि तशीच फिरवत राहिलं की बूच आपसूक वर चढतं. फक्त फिरवायची ती डावीकडे. सवयीप्रमाणे उजवीकडे फिरवली तर तासभर नुसती बुचाला गुदगुल्या करत बसते. पहिली तीन गिऱ्हाइकं भांडत परत आली. अकरा नग परत गेले, एक भावोजींनी ठेवून घेतला. त्याचं नाव पडलं ‘उलटा’. कुणी फार शहाणपणा मिरवायला लागला, की भावोजी वरच्या फळीवरून उलटा काढून अदबीने त्याच्या हातात द्यायचे. एका रविवारी त्यांनी तो ताईलाही दिला. ती फिरवते आहे, फिरवते आहे, कपाळाला आठ्या, आणि आम्ही दोघं टेबलाखाली बघून हसतोय. कळलं तेव्हा तिने तो त्यांच्या अंगावरच फेकला.

मागच्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, बघू या, आणि आम्ही घरी येऊन तेच म्हणत राहिलो. बघू या. होईल हळूहळू.

बाकीच्या गोष्टी तिने आमच्यावर सोपवल्या. मी तिचे केस विंचरले, भावोजींनी गुंड्या लावल्या. तिने विनोद केले. पण दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्या रविवारी भावोजींनी सहज म्हणून बाटली पुढे ओढली, कॉर्कस्क्रू उचलला, आणि ताई खुर्ची सरकवून उठली. “मला भूक नाही.” तेव्हापासून रविवारी ती आतल्या खोलीत जेवायची. सोमवार ते शनिवार टेबलावर, रविवारी आत. बाटली आणूच नये असं ठरवून पाहिलं, तर म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे तीही बंद?” मला मात्र तिने एकदा स्पष्ट सांगितलं. “केस दुसऱ्याने विंचरले तरी ते माझेच राहतात गं. बाटली दुसऱ्याने उघडली की मी त्या टेबलावर पाहुणी.”

भावोजींनी बॅटरीवर चालणारा कॉर्कस्क्रू आणला. बाटलीवर ठेवायचा, बटण दाबायचं, घुर्र करून बूच बाहेर. ताईने एकदा घुर्र ऐकलं. “हे दाढी करायचं यंत्र परत न्या,” ती म्हणाली. “उघडतं कोण, मी की बॅटरी?”

मग भावोजींनी ते केलं, जे त्यांच्याच धंद्यातल्या माणसाला सुचू शकतं. त्यात मी सामील होते, हे आधीच कबूल करते. रविवारी सकाळी ताई अंघोळीला गेलेली असताना आम्ही स्वयंपाकघरात बाटली उघडली. भावोजींनी बूच काचकागदाने घासून बारीक केलं, वरचं भोक त्याच रंगाच्या मेणाने बुजवलं, दुकानातल्या बूच बसवायच्या हातयंत्राने ते सरळ आत बसवलं आणि वरून नवं वेष्टन चढवलं. मी बाटली धरली होती. काम इतकं सफाईदार झालं की आम्ही एकमेकांकडे बघून खूश झालो. लाज नावाची गोष्ट त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात नव्हती.

दुपारी भावोजी दारातून म्हणाले, “अगं, एकदा डाव्या हाताने बघतेस का?” नाही म्हणता म्हणता ती आली. खुर्चीत बसली, बाटली गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने वेडावाकडा स्क्रू घातला, ओढला. बूच लोण्यातून निघावं तसं निघालं. ताईचा चेहरा असा उजळला, की मी खरोखरच विसरले, आम्ही काय केलंय ते. टाळ्या मीच जास्त वाजवल्या. आनंदाच्या भरात मीच बूच स्क्रूवरून काढून बशीत तिच्यापुढे ठेवलं.

ती बाबांची मुलगी. तिने ते उचललं, वास घेतला, टोकं निरखली. मेणाचा एक टवका तिच्या नखाला लागला.

“अहो,” ती म्हणाली, “या बुचाला दोन भोकं आहेत.”

तिने बूच भावोजींच्या ताटात ठेवलं, काठी घेतली आणि आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

पुढचे तीन आठवडे घरात फक्त कामापुरतं बोलणं. औषध घेतलं का, घेतलं. मी वरून खाली जायचे, आणि भिंतीशी बोलून परत यायचे. भावोजी दुकानात बसायचे, पण माणूस जागेवर नव्हता. कुणी विचारलं, “हा पंप घेऊ का?” तर म्हणायचे, “घ्या.” कुणाचा हात बघेनात. मालाची बदनामी करेनात. गिऱ्हाईक पिशवी भरून, पण तोंड पाडून बाहेर पडायचं. मला ते बघवेना. मी एक दिवस दुकानात जाऊन त्यांना फैलावर घेतलं. “चूक केली तर माफी मागा, असे मेल्यासारखे बसू नका!” ते म्हणाले, “मागितली. ती म्हणाली, कशाबद्दल ते कळलं की मागा.”

गुरुवारी दुपारी ताईने मला खालून हाक मारली. चांगली साडी नेसून बसली होती. पदर मात्र खांद्यावरून घसरत होता, तो मी लावून दिला. “मला दुकानात घेऊन चल.”

“काही हवंय का? मी सांगते त्यांना.”

“मी गिऱ्हाईक म्हणून जातेय. गिऱ्हाइकं निरोप पाठवत नाहीत.”

दोनशे पावलांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. भावोजी तिला बघून धडपडत उठले. ती दारातच थांबली आणि म्हणाली, “कॉर्कस्क्रू हवाय.”

त्यांनी स्टूल पुढे केलं, दोरीने गळ्यात लटकणारा चष्मा नाकावर घेतला.

“बसा,” ते म्हणाले. “कोण उघडणार?”

चाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

“मीच.”

“बसून की उभ्याने?”

“उभ्याने.”

“हात दाखवा.”

ताईने डावा पुढे केला.

“दोन्ही.”

तिने डाव्या हाताने उजवा उचलला आणि काउंटरवर ठेवला. भावोजींनी त्याची बोटं एकेक करून उघडली. तळवा दाबला, अंगठ्याचं मूळ चाचपलं, मनगट फिरवलं, जसं ते त्या गवंड्याचं फिरवत होते तसंच, घाई न करता.

“दुखतो?”

“नाही. असून नसल्यासारखा आहे.”

“हा बाटली धरणार नाही,” भावोजी म्हणाले. “पुढेही नाही.”

वर्षभरात हे वाक्य कुणीही उच्चारलं नव्हतं. मला वाटलं, आता ही काठी उगारते. पण ताईचे ताठलेले खांदे खाली आले. “नाहीच धरणार,” ती म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही दोघंच होईल होईल म्हणत होता.”

भावोजींनी चष्मा काढला. डोळे पुसायची त्यांची तयारी नव्हती, पण पाणी आलंच. “रोज वीस जणांचे हात बघतो,” ते म्हणाले. “घरातला हात बघायची माझी छाती झाली नाही. म्हणून ते सोंग केलं. त्याची माफी मागतो.”

“हं,” ताई म्हणाली. “आता गिऱ्हाइकाकडे बघा.”

मग त्यांनी तिच्या डाव्या हातात दाराची एक सुटी मूठ दिली आणि फिरवायला सांगितली. तिने फिरवली. तिचा हात आपसूक डावीकडे, बाहेरच्या बाजूला वळला, सहज आणि जोरात. उजवीकडे वळवताना अडखळला. भावोजींनी मान वर केली. तिनेही केली. मीही केली. वरच्या फळीवर उलटा धूळ खात बसला होता.

ताई हसायला लागली. झटक्यानंतर तिचं हसू थोडं एका बाजूला झुकतं, पण आवाज तोच. भावोजी शिडीवर चढले, तो उतरवला, सदऱ्याला पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

“हे काय,” ती म्हणाली, “नसलं तरी चालेल ना?”

“नाही बाई,” ते म्हणाले. “तुम्हाला हे लागतंच.”

बाटली धरायचा प्रश्न त्यांनी दोन दिवसांत सोडवला. लाकडाच्या जड ठोकळ्यात बाटलीच्या बुडाएवढा खड्डा कोरला, आतून रबर लावलं, बाटलीच्या पोटाभोवती आवळायला पट्टा केला आणि ठोकळा टेबलाच्या कडेला शिकंज्याने पक्का केला. ज्या हातयंत्राने आमची फसवणूक पार पडली होती, त्याच यंत्राने ते आता रोज चार रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून बुचं ठोकू लागले. ताई दुपारी सरावाला उभी राहायची. पहिल्या दिवशी स्क्रू तिरका गेला. दुसऱ्या दिवशी बुचाचा भुगा झाला, अगदी माझ्यासारखा, आणि मी ते बोलून दाखवल्यावर तिने मला भुग्यासकट पाणी प्यायला लावलं. तिच्या तोंडून अशा अशा शिव्या ऐकल्या, की बाबांनी त्याही हॉटेलातूनच आणल्या असणार. भावोजी फरशी पुसायचे आणि पुन्हा बाटली भरायचे. मदतीला हात पुढे आलाच, तर ती नुसती बघायची; हात परत जायचा.

पाचव्या आठवड्यात तिने जाहीर केलं, येत्या रविवारी वाइन. बाटली मी आणायची, शेजारच्या दुकानातून, आणि थेट तिच्या हवाली करायची. भावोजींनी स्पर्श करायचा नाही. “यांचा हात फार सफाईदार आहे,” ती म्हणाली.

रविवारी तिने भावोजींना हाताची घडी घालून बसवलं, शाळेतल्यासारखं. बाटली ठोकळ्यात उभी केली, पट्टा दातांनी ओढून आवळला. ते बघून मला रडू येत होतं, पण मी तोंडात पाव कोंबला. पितळी टोपी तोंडावर बसवली, एकदा सरकली, पुन्हा बसवली. मग मूठ फिरू लागली. डावीकडे, डावीकडे, मध्ये विसावा, पुन्हा डावीकडे. सूप निवून गेलं. तिच्या कपाळावर घाम आला, तो कुणी पुसला नाही. बाटली जागची हलली नाही. बूच टोपीत चढत आलं आणि सुटताना एक लहानसा सुस्कारा निघाला.

तिने कॉर्कस्क्रू बुचासकट भावोजींपुढे धरला. “काढा. आणि मोजा.”

भावोजींनी घडी सोडली. बूच धरून फिरवायला लागले, तर ते सैल होण्याऐवजी आणखीच आवळत गेलं. पंधरा वर्षं लोकांना ज्यात फसवलं, त्यातच हे फसले. “उलटं, अहो, उलटं!” आम्ही दोघी एकदम ओरडलो. शेवटी ते निघालं. त्यांनी चष्मा लावला, बूच उजेडात धरलं, एक टोक बघितलं, दुसरं बघितलं, पुन्हा पहिलं.

“किती?” ताईने विचारलं.

“एक.”

“ऐकू नाही आलं.”

“एकच आहे गं,” भावोजी म्हणाले. “एकच.”

“मग ग्लास पुढे करा,” ताई म्हणाली, आणि डाव्या हाताने ओतताना थोडी टेबलावरच्या कापडावर सांडली. त्या दिवशी भावोजींनी पहिल्यांदाच पूर्ण ग्लास संपवला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे कान लालच होते.